कानामागचं बोट

ताई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मीच ती सगळ्यांना दिली. दुपारची वेळ होती, खोलीतलं ऑक्सिजनचं यंत्र अजून घुमत होतं, कारण ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि मी पलंगाच्या कडेला बसून एकेक नंबर लावत होते. पलीकडून प्रत्येक जण विचारायचा, "अहो, असं अचानक कसं?" सुरुवातीला मी सांगत होते की अचानक नाही, फुप्फुसं केव्हाची थकली होती, गेले काही महिने घर म्हणजे दवाखानाच झाला होता. मग कंटाळले. शेवटच्या दोन-चार जणांना मी सरळ म्हटलं, "हो ना, अचानकच." खरं सांगायचं तर रडू नाही आलं. झोप आली. इतकी झोप की माणसं जमायच्या आत घटकाभर भिंतीला टेकून डोळे मिटता येतील का, एवढाच विचार डोक्यात होता. ताईंना ते समजलं असतं. त्यांनी स्वतःच मला झोपायला पाठवलं असतं.

त्याच्या आदल्या दिवशी मी औषधं घेऊन सदर बाजारातून परत आले. पलंगाशी वाकून त्यांची उशी सारखी करत होते, तर त्यांनी हात उचलला आणि माझ्या कानामागे बोट फिरवलं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. बोटात जोर राहिला नव्हता, पण फिरत होतं नेहमीच्याच वाटेनं. मग हात खाली टाकून म्हणाल्या, "जा, पास." मला उद्देशून तेच त्यांचं शेवटचं बोलणं... त्यानंतर बोलणं असं झालंच नाही.

शैलाताई माझ्या मोठ्या नणंद, माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिल्या. गुरांच्या डॉक्टर, पण दवाखान्यात बसणाऱ्या नव्हेत. त्यांनी आयुष्यभर गोचिडांवर काम केलं, आणि गोचिडांवर म्हणणंही ढोबळच झालं. गाईच्या कानात, मानेखाली, कासेजवळ चिकटून रक्त पिणाऱ्या त्या किड्याची जी लाळ असते, त्या लाळेतली प्रथिनं आणि ती गाईच्या अंगात गेल्यावर काय करतात, हा त्यांचा विषय. मी लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आले तेव्हा माझ्या आईनं विचारलं होतं, "नणंद काय करते?" मी सांगितल्यावर आई म्हणाली, "चांगलं आहे. निदान स्वयंपाकघरात लुडबुड नाही करणार." ते मात्र साफ चुकलं. ताई सगळीकडेच लुडबुड करायच्या.

विषय समजावून सांगायची त्यांना फार हौस. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सुटका नव्हती. एका संक्रांतीला आमच्या शेजारच्या काकू तिळगूळ तोंडात टाकता टाकता म्हणाल्या, "गाईला दुखत नाही का हो? ती शेपटीनं झटकून नाही का टाकत?" झालं, ताई सरसावून बसल्या. "तीच तर गंमत आहे ना काकू. चोर कसा, आधी कुत्र्याला भाकर टाकतो, मग पहारेकऱ्याला गोष्टीत गुंतवतो, मग कुलूप फोडतो. गोचिडाच्या लाळेत तसे वेगवेगळे चोर असतात. एक जागा बधिर करतो, एक रक्त गोठू देत नाही, एक सूज येऊ देत नाही. आणि एक तर शरीराच्या शिपायांना जाऊन सांगतो, की इकडे सगळं ठीक चालून राहिलं, तुम्ही झोपा. गाय उभी राहून रवंथ करते आणि तो आठवडाभर तिथे पाहुणचार झोडतो." काकूंनी तिळगूळ कसाबसा गिळला. पुढच्या वर्षी त्या वाण दारातूनच घेऊन गेल्या.

मीही त्या कामात ओढली गेले, ते शिवणयंत्रामुळे. प्रयोगासाठी गोचीड पोसावे लागत, आणि ते पोसायचे म्हणजे वासराच्या कानाला कापडी पिशवी चिकटवून तिच्यात सोडायचे. त्या पिशव्या मी शिवायची. जुने अभ्रे, माझे परकर, एकदा तर श्रीकांतचा लग्नातला कुडता. वासराच्या कानाचं माप मला माझ्या मुलाच्या सदऱ्यापेक्षा जास्त पाठ होतं. पोट भरलेले गोचीड मग काचपट्टीवर उताणे चिकटवायचे आणि त्यांच्या तोंडाला केसासारखी बारीक काचेची नळी लावून थेंबभर लाळ काढायची. चिकटवायला लागायची दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, ती ताई कमानिया गेटजवळच्या एका दुकानातून आणत. तो दुकानदार त्यांना लग्नाच्या सजावटीचं काम करणारी बाई समजायचा. "दीदी, इस साल सीज़न कैसा है?" असं विचारायचा. ताई गंभीरपणे सांगत, "भैया, बरसात में बहुत अच्छा रहता है." त्यांनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

कामावरून आल्या की दारातच आमची झडती व्हायची. स्वतःची आधी, मग माझी, मुलाची, आलागेला असेल त्याची. कानामागे बोट. गोचीड लागल्याचं माणसालाही कळत नाही, म्हणून डोळ्यांवर भरवसा नाही, बोटावर. काही सापडलं नाही की "जा, पास." या झडतीतून एकटे श्रीकांत पळायचे. लहानपणापासूनच, ताई गुरांचं शिकत होत्या तेव्हापासून, पळायचे म्हणे. त्यांना तो विषयच सोसत नसे. "एवढी हुशार बहीण, आणि आयुष्य घातलं कशात, तर किड्याच्या थुंकीत," असं ते म्हणत, थट्टेनं म्हणत, पण थट्टेच्या तळाशी काहीतरी होतं. बहिणीला मान मिळायला हवा होता, तो मिळाला नाही, असं त्यांना वाटायचं. ताईंना त्याचं काही नव्हतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एका गाईवरून काही सिद्ध होत नाही." माझी पुरणपोळी फाटली तरी तेच, भाच्याचा एक पेपर बिघडला तरी तेच. निराश न होण्याची त्यांची ती युक्ती होती.

मैना ही त्यांच्या प्रयोगातली कालवड. पांढरी, काळ्या डोळ्यांची, थोडी आगाऊ. पहिल्यांदा तिच्या कानावर गोचीड सोडले तेव्हा ते टम्म फुगले. दुसऱ्या वेळी कमी. पुढे पुढे तर ते चिकटायचे, दोन दिवस धडपडायचे आणि वाळून गळून पडायचे. तिच्या कातडीनं ती लाळ ओळखली होती. चोराची भाकर आता कुत्रा खात नव्हता. गोचीड पोसणारा माणूस वैतागून म्हणाला, "मैडम, ये बछिया तो खराब हो गई." ताई घरी आल्या त्या नाचतच. "वीणा, खराब झाली म्हणून राहिला तो! अगं, हेच तर पाहिजे होतं." एक जनावर स्वतःहून शिकू शकतं, तर लाळेतलं नेमकं कोणतं प्रथिन ते ओळखतं हे शोधून, त्याची लस सगळ्या गुरांना देता येईल. मग ती विषारी औषधं फवारायला नकोत. पण त्यासाठी एक गोष्ट कळायला हवी होती. कातडी शिकते हे ठीक, पण लक्षात किती दिवस ठेवते? वर्षानुवर्षं गोचीड दिसलाच नाही तर विसरते का? विसरत असेल, तर सगळं मुसळ केरात.

याचं उत्तर मिळण्याआधी प्रकल्पाची मुदत संपली, आणि पाठोपाठ ताई निवृत्त झाल्या. कुणाचा दोष नाही, असंच होतं. जनावरं वाटून टाकायची होती. ताईंनी रीतसर परवानगी काढून मैनाला जबलपूरजवळच्या पनागरला पाठवलं, गयाप्रसाद भैयांकडे. त्यांचा भाजीपाल्याचा मळा, हिवाळ्यात आमच्याकडे मटार त्यांच्याकडूनच यायचा. त्यांच्या गोठ्यात एक तांबडी गाय होती, तिच्या शेजारी मैना बांधली. ती तिथे गाभण राहिली, व्याली, दूध देऊ लागली. ताई अधूनमधून जायच्या, बरोबर मी. गोठ्यात शिरल्या की आधी तांबडीच्या कानात हात घालत. ती गोचिडांनी भरलेली. मग मैनाच्या कानात. एकही नाही. कासेजवळ नाही, शेपटीखाली नाही. परतताना त्या वाटभर बोलत. "पाहिलं? एकाच गोठ्यात, एकाच दावणीला. हिला धरतच नाहीत. कातडी विसरत नाही, वीणा." निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही. त्यांना तर कुणीच विचारत नव्हतं. पण पनागरहून आल्या की चार-आठ दिवस त्यांच्या चालण्यात जोर असायचा. मला त्यातलं शास्त्र थोडंच कळायचं, पण तो जोर कळायचा.

मग एकदा मटारच्या दिवसांत आम्ही गेलो होतो. भौजी, म्हणजे गयाप्रसाद भैयांची बायको, अंगणात शेंगा सोलत बसली होती. ताई मैनाचे कान बघून, खूश होऊन तिच्याजवळ बसल्या. भौजी कौतुकानं म्हणाली, "दीदी, आपकी मैना को तो हम बराबर दवा छिड़कते हैं. ये कहते हैं, डॉक्टर दीदी की गैया पे एक किलनी दिख गई तो हमारी नाक कट जाएगी. हमारी लाल वाली को लगती रहें, उसका क्या!" किलनी म्हणजे गोचीड. मी ताईंकडे बघितलं. त्यांच्या हातात एक शेंग होती, ती तशीच राहिली. इतकी वर्षं मैनाच्या अंगावर गोचीड दिसत नव्हता तो कातडीच्या आठवणीमुळे नव्हे, गयाप्रसाद भैयांच्या आदरामुळे... ताई हसायला लागल्या. खूप हसल्या, आणि हसता हसता खोकला आला तो थांबेना. भौजीनं पाणी आणलं. तो खोकला नंतर कधी गेलाच नाही, पण ते तेव्हा कुणाला माहीत.

ऑटोत त्या म्हणाल्या, "कॉलेजच्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच शिकवायची. मालकाला विचारा, औषध कधी मारलं. आणि मीच नाही विचारलं."

"काहून नाही विचारलं, ताई?"

"विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना." एवढं बोलून त्यांनी तोंड बाहेर वळवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या दिसल्या.

पण ताईच त्या. पुढच्याच खेपेला गयाप्रसाद भैयांना समोर बसवून म्हणाल्या की आता मैनाला दवा बंद. ते तयार होईनात. "दीदी, जानते-बूझते किलनी लगने दें? पाप लगेगा." ताईंनी त्यांना गोचिडांमुळे गाईला येणारा ताप कसा ओळखायचा, काय झालं की लगेच फोन करायचा, सगळं समजावलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मेरे लिए, भैया." त्यावर त्यांनी मान खाली घातली. तो चैत्र होता. बरसातीत गोचीड वाढतील, तेव्हा येऊन बघायचं, असं ठरलं. बरसात आली तेव्हा ताई पलंगावर होत्या. नाकात नळी, दोन वाक्यांच्या मध्ये विसावा. गयाप्रसाद भैयांचा फोन यायचा. "मैना एकदम साफ़ है दीदी, एक भी नहीं लगी." ताई फोन ठेवून म्हणायच्या, "हा खोटं बोलून राहिला. एक तर फवारते, नाही तर लपवते. मला बरं वाटावं म्हणून." साफ हे त्यांना नकोच होतं. गोचीड लागायला हवे होते, आणि लागून उपाशी मरायला हवे होते. हे त्या भल्या माणसाला फोनवर कसं पटवायचं?

एकदा त्यांनी श्रीकांतना विचारलं, "तू जाऊन पाहून येतो का रे?" ते तिथेच यंत्राची नळी पुसत होते. म्हणाले, "ताई, आता तरी सोड ना ते गोचीड." रागावून नाही म्हणाले, थकून म्हणाले. आम्ही सगळेच थकलो होतो. ताई हसल्या आणि पुन्हा त्यांना विचारलं नाही. मला मात्र त्यांनी शिकवून ठेवलं. एकादशी होती, मी साबुदाणा भिजवत होते, तर वाटी मागून घेतली. एक कोरडा दाणा माझ्या तळहातावर ठेवला, एक भिजलेला. "पोट भरलेला असा फुगतो, राखाडी, एरंडाच्या बीसारखा. ओढला तरी सुटत नाही. आणि ज्याला कातडीनं जेवू घातलं नाही, तो असा. चपटा, कोरडा. नुसतं बोट लावलं तरी हातात येतो, आणि खाली खपली असते. डोळ्यानं नको पाहू. बोटानं पाहा." मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या झाल्या की दोघी जाऊ." त्यांनी मी सांगितलेलं ऐकल्यासारखं केलं. श्रावण संपता संपता त्या गेल्या.

तेरावं झालं, पाहुणे गेले, यंत्र भाड्याचं होतं ते परत गेलं. घरात इतकी शांतता झाली की कानांना सवय होईना. पितृपक्ष सरला आणि एके सकाळी मी श्रीकांतना म्हटलं, "पनागरला जाऊन येते." त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही. "जा," म्हणाले. येतो म्हणाले नाहीत, आणि मीही चला म्हटलं नाही.

गयाप्रसाद भैया मला बघून रडायलाच लागले. मग डोळे पुसत म्हणाले, "भाभी, मैंने दीदी से झूठ बोला. किलनी तो लगी थी. शरम के मारे नहीं बताया."

मी विचारलं, "भैया, दवा? सच-सच बताना."

"दीदी की कसम, चैत से एक बूँद नहीं छिड़की."

मी आधी तांबडीच्या कानात हात घातला, ताई घालायच्या तसा. बोटांना ते लगेच लागले, गुळगुळीत, टणक, फुगलेले. एक ओढून बघितला, सुटला नाही. मग मैनाकडे वळले. तिनं माझा हात हुंगला आणि कान ढिला सोडला. कानाच्या मुळाशी काहीतरी होतं. खरखरीत. मी बोट लावलं आणि ते हातात आलं. चपटं, तपकिरी, कोरडं. खाली खपली. पुन्हा चाचपलं, आणखी एक. मानेखाली, कासेजवळ, सगळीकडे तेच. लागले होते, पण जेवला कुणीच नव्हता. इतक्या वर्षांनी त्या कातडीनं ती लाळ ओळखली होती. मला आनंद झाला. खराखुरा, मोठा आनंद. आणि लगेच इतकं थकायला झालं की मी गोठ्यातच बाजेवर बसले. भौजीनं चहा आणला तो तसाच गार झाला. गयाप्रसाद भैया पुन्हा पुन्हा विचारत होते, "भाभी, कुछ गलत हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया. आपने बहुत अच्छा रखा." मग मात्र मला रडू आलं. ताई गेल्यापासून पहिल्यांदा, पनागरच्या गोठ्यात, दोन गाईंच्या मध्ये बसून मी रडले, आणि मैना निवांत कडबा खात होती.

घरी पोचले तर संध्याकाळचे दिवे लागले होते. दारात चपला काढत होते. ताईंच्या खोलीचं दार उघडं होतं, पलंगावर गादी नव्हती. श्रीकांत आतून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. काही विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी माझे केस मागे सारले आणि कानामागे बोट फिरवलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी केलं नव्हतं. तीच वाट, सावकाश, मुळापर्यंत. लहानपणी पळायचे म्हणे, पण बोटाला सगळं पाठ होतं.

मग त्यांनी विचारलं, "धरलं का मैनाला?"

"लागले होते," मी म्हटलं, "पण पोट एकाचंही भरलं नाही. बोट लावलं की गळून पडतात."

"एका गाईवरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. आणि बोट त्यांनी माझ्या कानामागून काढलं नाही.